न्हाणीघराच्या भिंतीतली जाळी

इवाई, परवा मी तुमच्या बाजूनं भांडलो.

तुम्ही असते तर तुमचा विश्वास बसला नसता. चौदा वर्षांच्या सोयरिकीत आपलं एकमत झालेलं मला तरी आठवत नाय. लग्नात मांडव कुठल्या अंगानं उघडा ठेवायचा इथपासून आपण सुरू झालो, ते तुम्ही खाटंला लागल्यावर बी थांबलो नाय. आणि आता तुमच्या माघारी, तुमच्याच लेकीसमोर, माझ्या सुनेसमोर, मी तुमची वकिली करत बसलो. सुनीता मेथी निवडत होती, मी समोर खुर्चीत. भांडणाचं कारण सहा वर्षांपूर्वीचं. आमच्या न्हाणीघराची भिंत.

त्या भिंतीत काय सापडलं हे सगळ्यांनी बघितलं होतं. ते तिथं कुणी ठेवलं हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत होतं. तुम्ही ते संगं घेऊन गेले. मला ते एकट्याला पेलंना. म्हणून तेरावा झाल्यावर सुनीताला सांगून टाकलं, आणि आता लिहून बी टाकतो. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहायची रीत आहे. तुमच्याबद्दल मी चांगलंच लिहिणार, पण माझ्याबद्दल वाईट लिहिल्याशिवाय ते जमत नाय. माझा नाइलाज आहे.

गारखेड्यातलं हे घर मी माझ्या हातानं उभं केलं, हे तुम्ही माझ्या तोंडून पन्नास वेळा ऐकलंय. एक्कावन्नाव्या वेळेला ऐका. मी तिसरी शिकलेला गवंडी. तवा आजूबाजूच्या घरांत वायरी भिंतीवरून लाकडी पट्टीनं जायच्या, माझ्या घरात एक वायर दिसत नव्हती. पाव्हणे यायचे आणि वर बघत बसायचे, बल्ब लटकतोय पण लाईट येती कुठून. मला त्याचा लई माज होता.

मग दोन-चार वर्षांनी स्वयंपाकघराच्या मागं न्हाणीघर काढलं. तिथं एक बल्ब पाहिजे होता. एका बल्बासाठी वायरमन कशाला, असं मी म्हणलं. दोन तारा उघड्या करायच्या, पिळायच्या, वर टेप गुंडाळायची. आयुष्यभर वायरमन लोकांच्या शेजारी उभं राहून काम केलं होतं, सगळं बघितलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीतून जाणारी वायर मधूनच उकरून काढली, तिला जोड मारला आणि न्हाणीघरात ओढली. पाईप घातला नाय. आता जिथं जुनी दगडी भिंत आणि नवी विटांची भिंत एकमेकींना भेटतात, तिथं गिलाव्याला तडा जातो, हे कुठल्याबी गवंड्याला ठाऊक असतं. त्यासाठी आम्ही तिथं खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी ठोकतो आणि मग गिलावा करतो. मी बी ठोकली. वायरीवरूनच. बरोबर त्या जोडावरूनच. चांगला गवंडी जे करतो तेच मी केलं, फक्त त्या जागी वायर होती.

गिलावा असा बसला की त्याला आजतागायत तडा नाय. आणि कुणी विचारलं की मी सांगायचो, हर्सूलचा एक वायरमन होता, तो करून गेला. असा माणूस कधी नव्हताच. पण एकदा म्हणलं, दोनदा म्हणलं, मग तो घरातलाच झाला.

काही वर्षांनी न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की मुंग्या यायला लागल्या. भिंतीला ओल धरली की जास्तच. तुमच्या विहीणबाईनं एक लाकडी पाट आणून ठेवला, त्याच्यावर उभं राहून अंघोळ करायची, नळ कोरड्या फडक्यानं बंद करायचा. सुनीता लग्न होऊन आली तवा दुसऱ्याच दिवशी तिला हे सगळं समजावलं. लोक नव्या सुनंला देवघर दाखवतात, आम्ही पाट दाखवला. ती आठ वर्षं त्या पाटावर उभी राहिली. एका शब्दानं बोलली नाय. मी म्हणायचो, जुनं घर आहे, ओल आहे, चालायचंच. मनातून मला माहीत होतं. पण भिंत फोडली असती तर आतलं सगळ्यांनी बघितलं असतं.

मग एक दिवस नातीनं नळाला हात लावला आणि किंचाळली. तिला फार काही झालं नाय, पण हात मागं घेऊन ती नळाकडं बघत राहिली. सुनीतानं आमच्यापैकी कुणाला काही म्हणलं नाय. पडेगावला तुमच्याकडं फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मोपेडवर पिशवी अडकवून दारात हजर.

दारातच तुम्ही म्हणले, “आज मी पोरीचा बाप म्हणून नाय आलो. वायरमन म्हणून आलोय.”

मी तिथंच पकडलं तुम्हाला. म्हणलं, “मग चहा घ्यावा लागतो. आमच्या दारात कामावरचा माणूस चहाशिवाय राहत नाय.”

तुम्ही अडकले. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाय हा तुमच्या घराचा नेम. नातवंड झालं की लोक सोडतात, तुम्ही तवा बी सोडला नव्हता. वायरमन म्हणावं तर चहा घ्यावा लागतो, बाप म्हणावं तर आत्ताच नाय म्हणून बसले. तुम्ही पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि म्हणले की असा एक वायरमन असतो जो आपलं पाणी घेऊन फिरतो. नऊ दिवस काम चाललं आणि नऊ दिवस तुम्ही समोरच्यांच्या ओट्यावर बसून डबा खाल्ला. सगळ्या गल्लीला वाटलं मी इवायाला उपाशी ठेवतोय. अजून बी दोघं-तिघं तसंच समजतात.

अख्ख्या घराची वायरिंग बदलायची हे मी लगेच कबूल केलं. जुनी वायर कडक झाली होती, वाकवली की तुटायची. माझी अट एकच, न्हाणीघराच्या भिंतीला हात लावायचा नाय. सुनीताला गिझर पाहिजे होता, तो बी मला मान्य. म्हणलं तिथल्या बल्बाच्या वायरीतूनच पुढं ओढा.

“ज्या वायरीवर एक बल्ब जळायचा, तिच्यावर गिझर लावता?”

मी म्हणलं, “वायर ती वायर. एकाच पायपातून पाणी तांब्यात बी जातं, टाकीत बी जातं.”

“मग तुमच्या प्यायच्या नळानं सगळ्या गल्लीच्या टाक्या भरून दाखवा.”

माझा गणेश, तुमचा जावई, हसला. मला त्याचाच राग आला, तुमचा नाय. मग तुम्ही त्याला समोर बसवून समजावलं, खरं तर मलाच समजावत होते. मेन बोर्डापासून न्हाणीघरापर्यंत वेगळी जाड वायर. तिच्यासंगं अर्थिंगची हिरवी तार. आणि बोर्डात असा स्विच, की कुठं करंट गळाला तर तो आपोआप पडला पाहिजे, माणूस पडायच्या आधी.

तो स्विच तुम्ही आधी बसवला. इवाई, त्या एवढ्याशा डबीनं मला जेवढं रडवलं तेवढं आयुष्यात कुणी रडवलं नसंल. बैठकीची लाईन जोडली, स्विच उभा. झोपायच्या खोलीची जोडली, उभा. स्वयंपाकघराची जोडली की खट करून खाली. तुम्ही पुन्हा वर केला, पुन्हा खाली. मी म्हणलं स्विच खराब दिसतो. तुम्ही मोपेड काढली, जाऊन दुसरा आणला. तो बी पडला.

“आता दुकानदाराला बी खोटं ठरवायचं का?” तुम्ही एवढंच म्हणले.

मग तुम्ही न्हाणीघराची वायर नेमकी कुठून फुटते ते शोधायला लागले. भिंतीतले वायरीचे सगळे डबे उघडले. कुठल्याच डब्यात जोड नाय. जोड भिंतीत असणार हे तुम्ही ओळखलं. मला विचारलं, कुणी काढली ही लाईन. मी माझं ठरलेलं सांगितलं, हर्सूलचा वायरमन. तुम्ही पेन्सिल कानावरून काढली आणि म्हणले नाव सांगा, हर्सूलला माझी निम्मी बिरादरी आहे, जाऊन त्यालाच विचारून येतो.

मी म्हणलं, “तो मेला.”

जो जन्मलाच नव्हता त्याला मी त्या दिवशी मारला. तुम्ही पेन्सिल कानावर ठेवली आणि छन्नी हातात घेतली. म्हणले, मग आता भिंतीलाच विचारावं लागंल, इथून सुरू करतो आणि सापडंपर्यंत फोडत जातो. सुनीता दारात उभी, कडंवर पोरगी. पोरगी नळाकडं बघत होती. नळ बंद होता तरी.

मला माझा गिलावा दिसत होता. तुम्ही तीन हात लांबून सुरुवात करणार होते, आणि जोडापर्यंत पोचंपर्यंत माझी सगळी भिंत उतरली असती. मी स्वतःला सांगितलं की भिंत वाचवायची म्हणून सांगतोय. खरं काय होतं ते मला अजून बी नीट कळत नाय. मी उठलो आणि बोट ठेवलं. म्हणलं, इथं मारा.

तुम्ही विचारलं नाय की तुम्हाला कसं माहीत. तीन-चार घाव घातले. गिलाव्याची खपली पडली आणि मागं जाळी. गंजून लाल झालेली, आणि तिच्या खाली टेप कुजून काळा पडलेला जोड, तार जाळीला चिकटलेली. जाळीचा एक खिळा थेट नळाच्या लोखंडी पायपाला टेकला होता. सगळी भिंतच वायर झाली होती.

गणेशनं तुम्हाला विचारलं, “अण्णा, वायरमन जाळी कशाला मारंल?”

तुम्ही जवळ वाकले. जाळीच्या खिळ्यांवरून बोट फिरवलं. खिळे वीत-वीत अंतरावर, एका रेषेत, डोकी आत दाबलेली. मग माझ्याकडं बघितलं.

“हा वायरमन,” तुम्ही म्हणले, “लई चांगला गवंडी होता.”

गणेश हसला, सुनीता बी हसली. त्यांना वाटलं तुम्ही त्या मेलेल्या माणसाची टर उडवताय. मी हसलो नाय. तुम्ही पकडीनं जाळी ओढून काढली आणि काम पुढं चालू केलं. त्यानंतर सहा वर्षांत, एवढ्या भांडणांत, माझं तोंड बंद करायला तुम्हाला एक शब्द पुरला असता. तो शब्द तुम्ही कधी काढला नाय. लग्नकार्यात चारचौघांत मी तुम्हाला म्हणलंय की तुम्हा वायरमन लोकांना भिंतीची कदर नसते. तवा बी नाय काढला.

आता त्याच्या पुढचे पाच दिवस. माझ्या म्हातारपणातले सगळ्यात चांगले दिवस कोणते असं कुणी विचारलं तर मी तेच सांगंन. तुम्ही भिंतीत झिरी म्हणजे खाच पाडायची, पाईप बसवायचा, वायर ओढायची, आणि मी मागून सिमेंटचा माल भरत यायचं. बोर्डापासून न्हाणीघरापर्यंत. मला वाटलं होतं थापी धरायला आता हात थरथरतील. नाय थरथरले. तुम्ही पाईप जरा वर बसवला की मी म्हणायचो ह्याच्यावर गिलावा काय तुमचा आजा बसवणार का, आणि तुम्ही गुपचूप अर्धा बोट आत घ्यायचे. मी माल पातळ केला की तुम्ही म्हणायचे, हा गिलावा आहे का पिठलं. एकदा घमेलं उचलायला कुणी नव्हतं तर तुम्हीच उचललं. तुमच्या विहीणबाईनं ते बघितलं आणि मला आत बोलावून झापलं, इवायाला घमेलं उचलायला लावता, लाज कशी वाटत नाय. मी बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणले, तिला सांगा वायरमन आहे.

शेवटच्या दिवशी सगळं जोडलं, स्विच वर केला. उभा राहिला. तुम्ही तुमच्या टेस्टरनं नळ तपासला, भिंत तपासली, मग नातीला बोलावलं आणि तिच्या आधी स्वतः अनवाणी ओल्या फरशीवर उभं राहून नळ धरला. मग तिनं धरला. मग ती तो नळ सोडंचना.

एक वाद तेवढा राहिला. गिझरचा स्विच तुम्ही न्हाणीघराच्या बाहेर लावला. तुमचं म्हणणं, ओल्या हातानं कुणी स्विच लावू नये. माझं म्हणणं, माझ्या घरात मी अंघोळ करताना बाहेरून कुणी गिझर बंद करू नये. नात मुद्दाम बंद करते. अंगाला साबण लागलेला आणि गार पाणी. मी आतून ओरडतो, ती बाहेर हसते. महिन्यातून एकदा तरी मी तुम्हाला फोन करून शिव्या दिल्यात. आज बी माझं मत तेच आहे. तुम्ही गेले म्हणून मी मत बदलणार नाय.

महिन्यापूर्वी पडेगावला आलो होतो ते त्या स्विचसाठी नाय. मी ठरवून आलो होतो. दोनच शब्द बोलायचे होते. तुम्ही खाटंवर, नजर पंख्याच्या हुकाकडं. मी चहा घेतला, मुलाच्या बापाला चालतो. तुम्ही सारा कप संपंपर्यंत माझ्याकडं बघत होते. मी म्हणलं, इवाई, त्या जाळीचं.

तुम्ही मधीच विचारलं, “स्विच आत घेतला का?”

मी म्हणलं, “घेणार आहे.”

“माझ्या जिवात जीव आहे तोवर नाय.”

आणि डोळे मिटले. झोपले का झोपल्याचं दाखवलं, मला कळलं नाय. मला बोलू द्यायचं नव्हतं तुम्हाला. मला तवा राग आला. आता वाटतं, एका म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्या म्हाताऱ्याची मान खाली गेलेली बघायची नव्हती. पण मग ते दोन शब्द माझ्यापाशीच राहिले.

म्हणून परवा सुनीताला सांगितलं. हर्सूलचा वायरमन नव्हता, मीच होतो. वायर मी ओढली, जाळी मी मारली, आठ वर्षं तू ज्या पाटावर उभी राहिली तो माझ्यामुळं. मला वाटलं ती रडंल, नायतर ताट वाढायची बंद होईल. तिनं मेथीची काडी मोडली आणि विचारलं, अण्णांना माहीत होतं का.

मी म्हणलं, “जाळी दिसल्या दिसल्या.”

“अन् त्यांनी मला सांगितलं नाय.”

राग तिला तुमचा आला, इवाई. म्हणली, तुमचं मला नवल नाय मामा, तुम्ही तसेच आहात. पण अण्णा? मी त्यांची लेक ना? मग मला उभं राहावं लागलं तुमच्या बाजूनं. म्हणलं, त्यांनी सांगितलं असतं तर तुला रोज माझं तोंड बघताना ते आठवलं असतं. तुला ह्या घरात नांदायचं होतं. त्यांनी माझी इज्जत नाय राखली, तुझा संसार राखला. मी असं बोललो की तुमचा सख्खा भाऊ बी बोलला नसता. आवाज चढला माझा. तुमच्या विहीणबाई बाहेर येऊन बघून गेल्या.

सुनीता शांतपणं म्हणली, “पाटावर मी उभी होते, मामा. कुणामुळं, हे कळायचा हक्क मला नव्हता का?”

मी म्हणलं, “होता.”

तुम्ही असते तर काय म्हणले असते? तिनं मेथीची जुडी उचलली आणि आत गेली. रात्री ताट नेहमीसारखं वाढलं, बोलली मात्र नाय.

काल दुपारी पोरीच्या जुन्या वहीतली कोरी पानं आणि पेन घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. म्हणली, मामा, उठा. भिंतीत कुठून काय गेलंय ते दाखवा. अण्णा गेले, उद्या तुम्ही जाल, मग मी कुणाला विचारू?

तोंडावर बोलली. तुमचीच लेक.

उठलो. बोर्डापासून सुरू केलं. वरून बघितलं तर कुणाला काही दिसणार नाय, गिलावाच तसा आहे माझा, पण मला प्रत्येक झिरी तळहाताला कळते. मी भिंतीवर हात ठेवून चालत होतो, ती मागून रेघा काढत होती. इथून वर जाती. इथं वळण, इथं तुझ्या बापानं पाईप दोनदा बदलला. इथं मी त्याला शिव्या दिल्या. इथं खिळा मारायचा नाय. स्वयंपाकघर ओलांडलं, न्हाणीघरात आलो. तिनं विचारलं, ती जागा कुठली. मी दाखवली. तिनं तिथं हात ठेवला. मग वहीत एक फुली मारली आणि तिच्यापुढं काहीतरी लिहिलं.

मी म्हणलं काय लिहिलं, वाच.

तिनं वाचलं, “इथं मामांची चूक होती. अण्णांनी काढली.”

मग वही माझ्यापुढं धरली, पेन हातात दिलं आणि म्हणली, खाली सही करा.

केली.